स्टुडिओचा स्टोरेज सर्व्हर : उन्हाळा आणि अर्धा पावसाळा काढल्यानंतर

नाशिकला आमचा लग्नाच्या फोटोग्राफीचा छोटा स्टुडिओ आहे. एका लग्नाचे रॉ फोटो आणि फोर-के व्हिडिओ मिळून चार-पाचशे जीबी सहज भरतात. म्हणून दिवाळीत सर्व्हर जुळवला: इंटेल एन100 प्रोसेसरचा बोर्ड, 16 जीबी रॅम, 8 टीबीच्या चार डिस्क आणि त्यावर ट्रूनॅस ही स्टोरेज सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम.

प्रोसेसरचं लगेच उरकतो. चार कोअर, टीडीपी (प्रोसेसरची ठरलेली उष्णता-मर्यादा) 6 वॅट; फाइल शेअरिंगला पुरून उरतो. फक्त त्याच्याकडे पीसीआयईच्या नऊच लेन (इतर चिप आणि कार्डं जोडायच्या वाटा) आहेत, तेव्हा बोर्ड घेताना साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) कोणत्या चिपवरून येतात ते बघा. जेएमबी585 ही चिप चालते, पोर्ट मल्टिप्लायरच्या (एकाच पोर्टवर अनेक डिस्क लावणाऱ्या) स्वस्त कार्डांच्या वाटेला जाऊ नका. साध्या गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला 110 एमबी मिळायचे, 2.5 गिगाबिटचा स्विच लावल्यावर एडिटिंग थेट सर्व्हरवरून होतं.

खरा पैसा घालायचा तो डिस्कवर. सीएमआर प्रकारच्याच घ्या, त्यांत डेटाचे ट्रॅक सुटे असतात. एसएमआर प्रकारात ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात; नवी डिस्क टाकून डेटा पुन्हा भरताना ती इतकी रेंगाळते की झेडएफएस (ट्रूनॅसची फाइल सिस्टिम) तिला बाद ठरवू शकतं. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी गेली तरी डेटा टिकवण्याची रचना; मी तिचा झेडएफएसमधला प्रकार, रेड-झेड2, निवडला. निम्मी जागा जाते, पण कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी काम अडत नाही. मार्चमध्ये याचा प्रत्यय आला: एका डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या भागांचा, आकडा शून्यावरून हलला आणि रोज वाढायला लागला. ऐन लग्नसराई! वॉरंटीतून डिस्क बदलून घेतली. रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला. त्या वेळातही अल्बमचं काम सुरूच होतं.

एप्रिलमध्ये डिस्क 51 अंशांवर गेल्या. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला 120 मिमीचा पंखा लावला, जाळी दर पंधरा दिवसांनी झटकतो. आता 43-44च्या वर जात नाहीत. आपल्याकडे धूळ आणि ऊन धरूनच कॅबिनेट निवडावं, दिसायला छोटं म्हणून नव्हे.

विजेचं सगळ्यात महत्त्वाचं. इन्व्हर्टर असला तरी सर्व्हरला वेगळा यूपीएस हवा, आणि तो यूएसबी केबल असलेलाच. बॅटरी उतरायला लागली की सर्व्हरला निरोप जातो आणि तो नीट बंद होतो. पावसाळ्यात वीज दिवसातून दोन-तीनदा जाते, पण अजून एकही फाइल बिघडलेली नाही. बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू ठेवा. चारही डिस्क फिरत असताना मीटर 42 वॅट दाखवतो, म्हणजे दिवसाला साधारण एक युनिट.

रेड म्हणजे बॅकअप मात्र नव्हे, हे कळकळीने सांगतो. नव्या मुलाने चुकून एका लग्नाचं अख्खं फोल्डर उडवलं. तासातासाच्या स्नॅपशॉटमुळे (फाइलींच्या त्या क्षणाच्या स्थितीची सर्व्हरवरच ठेवलेली नोंद) पाच मिनिटांत परत मिळालं. चोरी झाली किंवा आग लागली तर स्नॅपशॉटही जातील, म्हणून ग्राहकाला अल्बम देईपर्यंत प्रत्येक लग्नाची एक प्रत घरच्या डिस्कवर असते. यूपीएससाठी पैसे कमी पडत असतील तर रॅम 8 जीबी घ्या, तेवढ्यावर ट्रूनॅस चालतं.