डाउन हाउस: आधी बाग, मग घर

चार्ल्स डार्विन 1842 च्या सप्टेंबरात लंडनच्या आग्नेयेला डाउन गावात राहायला आला आणि 1882 मध्ये याच घरात वारला. आता हे घर इंग्लिश हेरिटेज ही वारसास्थळं जपणारी संस्था सांभाळते. वरच्या मजल्यावरच्या प्रदर्शनात ‘बीगल’ जहाजावरच्या त्याच्या सफरीची ओळख नीट करून दिली आहे, पण ती माहिती पुस्तकातही मिळते. या घराचं खरं मोल बागेत आहे, कारण डार्विनची प्रयोगशाळा हीच होती. म्हणून तिकीट काढलं की आधी मागच्या बाजूला जा.

बागेत मधोमध भोक असलेला एक गोल दगड दिसेल. घाईत तो जात्याचा दगड समजून माणूस पुढे निघून जातो. हा गांडुळांचा दगड. आज आहे ती प्रतिकृती. गांडुळं खालची माती खातात आणि विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकतात, त्यामुळे दगड हळूहळू खचतो. किती खचतो हे कळायला एक न हलणारी खूण हवी, म्हणून भोकातून धातूच्या सळ्या खोल जमिनीत ठोकल्या होत्या आणि सळीच्या टोकापासून दगडापर्यंतचं अंतर सूक्ष्ममापकाने मोजायचे. हे उपकरण डार्विनचा मुलगा होरेस याने बनवलं. अडचण अशी की ओल धरली की जमीन फुगते आणि दगड वर येतो, सुकली की खाली बसतो. त्यामुळे एका मोजमापावर काही ठरत नाही, वर्षानुवर्षं मोजावं लागतं. सरासरी निघाली वर्षाला साधारण 2.2 मिलिमीटर.

तणांचा प्रयोग तर आणखी साधा. 3 फूट बाय 2 फूट जमीन खणून साफ केली, उगवलेल्या प्रत्येक रोपाची नोंद ठेवली. 357 पैकी 295 रोपं गेली, मुख्यतः गोगलगायी आणि किड्यांमुळे. जगण्याची झुंज म्हणजे काय, ते एवढ्याशा वाफ्यात कळतं. काचगृह 1863 मधलं. तिथल्या दवबिंदू या किडे खाणाऱ्या वनस्पतीच्या पानावरचे चिकट केस अगदी जवळ वाकून बघा. या केसांना डार्विन मांसाचे बारीक कण भरवून बघत असे.

सँडवॉक ही झाडीतली फेरीची वाट. फेऱ्या मोजायला तो वाटेवर गारगोट्या ठेवायचा आणि दर फेरीला एक पायाने उडवायचा. पावसानंतर चिखल होतो, चांगली पकड असलेले बूट घाला.

घरात अभ्यासिकेसाठी वेळ राखून ठेवा. चाकं लावलेली उंच खुर्ची, तिच्या हातांवर आडवी टाकायची लिहायची फळी, आणि कोपऱ्यात आडोसा करून केलेली धुण्याची जागा. वारंवार उलट्या होणाऱ्या डार्विनने काम कसं रेटलं, हे तो कोपरा बघितल्याशिवाय कळत नाही. जिन्याखालचं कपाटही चुकवू नका. उत्क्रांतीच्या सिद्धांताचा 1842 चा पहिला आराखडा अशाच कपाटात पडून होता, तो सापडला 1896 मध्ये, डार्विनची बायको एमा गेल्यावर.

ब्रॉमली साउथ स्टेशनहून 146 नंबरची बस गावात येते. बस वारंवार नसते, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. गावातून घरापर्यंत थोडं चालावं लागतं. डार्विनची कबर मात्र इथल्या चर्चच्या आवारात शोधू नका. ती वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे. इथे आहेत त्या एमाच्या आणि त्याच्या भावाच्या, इरॅस्मसच्या.