बसलेला हॉर्न: ट्यून करावा, तसाच नवा घ्यावा की रिले लावून विंडटोन बसवावा?

हॉर्न घोगरा झाला, मधूनच वाजू लागला किंवा पार गप्प झाला, की तीन पर्याय समोर येतात. जुनाच साफ करून ट्यून करायचा, त्याच मापाचा नवा डिस्क (चपट्या चकतीचा) हॉर्न बसवायचा, किंवा या निमित्ताने विंडटोनची (वळणदार नळीतून भरीव आवाज देणाऱ्या हॉर्नची) जोडी रिलेसकट (बटणाच्या छोट्या करंटवर हॉर्नचा मोठा करंट जोडणाऱ्या स्विचसकट) घ्यायची. दुकानात गेलं की तिसऱ्याचा आग्रह होतो आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात पहिल्याचा. पण निवड करायची ती एका मोजमापावर: बटण दाबलेलं असताना हॉर्नच्या टोकांवर किती व्होल्ट पोचतात. ते मोजल्याशिवाय केलेला खर्च अनेकदा वाया जातो, कारण दोष स्विचमध्ये किंवा अर्थिंगमध्ये (बॉडीतून बॅटरीच्या ऋण खुंटीकडे परतणाऱ्या जोडणीत) असतो आणि नवा हॉर्नही आठवडाभरात तसाच कुंथू लागतो.

आधी बल्ब लावून बघा

हॉर्नची वायर काढून नुसता मीटर लावला तर गंजलेल्या जोडातूनही १२ व्होल्ट दिसतात. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे जोडातला दोष उघडा पडत नाही. हॉर्न वाजत असताना मोजावं तर तो सेकंदाला शेकडो वेळा करंट तोडतो-जोडतो, म्हणून डिजिटल मीटरचे आकडे नाचतात. दोन्हीवर उपाय म्हणजे बल्ब. दुचाकीसाठी इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा साधा बल्ब घ्या. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे लहान हॉर्नच्या जवळपास. कारसाठी हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब घ्या. तो साडेचार अँपिअर ओढतो. हॉर्नच्या दोन्ही वायरी काढून बल्बला जोडा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. हेडलाइटचा बल्ब काही सेकंदांत तापतो, तो प्लॅस्टिकवर टेकवू नका आणि काचेला हात लावू नका. हॉर्नला एकच वायर असेल तर त्याची अर्थ पट्टीतून बॉडीला गेलेली असते. अशा वेळी बल्बची दुसरी वायर त्या पट्टीच्या बोल्टवरच धरा, म्हणजे अर्थचीही परीक्षा होते.

बटण दाबलेलं असतानाच बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्ट आणि बल्बच्या टोकांवरचे व्होल्ट ताडून बघा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग चांगलं आहे. एका व्होल्टपर्यंत चालून जातं. त्यापुढे गेला तर हॉर्नला हातही लावू नका, आधी वाट साफ करा.

बल्ब लखलखीत पेटला आणि हॉर्न मात्र मुका, तर दोष हॉर्नचाच. बल्ब मिणमिणला तर दोष स्विच, जोड, रिलेचे पॉइंट (करंट तोडणारे-जोडणारे संपर्क) किंवा अर्थ यांपैकी कशात तरी. बल्ब पेटलाच नाही तर फ्यूजपासून सुरुवात करा. अनेक दुचाकींत हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात. तिन्ही एकदम गेले असतील तर उत्तर तिथेच आहे. फ्यूज उडालेला दिसला तर त्याच आकड्याचा नवा घाला. बटण दाबताक्षणी तोही उडाला तर हॉर्न काढून ठेवून पुन्हा दाबा: आता टिकला तर हॉर्न आतून शॉर्ट आहे, तरीही उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे. हँडल वळतं त्या मानेपाशी दुचाकीची वायर हमखास सोलते. दहाच्या जागी तीसचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं म्हणजे फ्यूज वाचवून वायर जाळणं.

मिणमिणत्या बल्बचं मूळ शोधायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरं बल्बच्या अर्थ टोकावर धरा. बटण दाबल्यावर इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब. बोल्ट सोडवून, रंग आणि गंज खरवडून, ताऱ्याचा वॉशर घालून घट्ट करा आणि वरून थोडं ग्रीस लावा. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे हे काम दर पावसाळ्यानंतर करावं लागतं, तेव्हा ते शिकून घेण्यासारखं आहे. हँडलवरच्या स्विचचे सहसा दोनच स्क्रू असतात. आतली पत्ती काळी पडली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून जाड कागदाची घडी मध्ये फिरवा. पेट्रोलने पुसू नका: प्लॅस्टिक तडकतं आणि ठिणगीजवळ पेट्रोल कशाला?

हात कुठे घालायचा नाही

एअरबॅग असलेल्या कारचं स्टिअरिंग घरी उघडू नका. हॉर्न, स्टिअरिंगवरची ऑडिओची बटणं आणि एअरबॅगचा इशारा-दिवा ही तिन्ही लक्षणं एकत्र आली तर क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगमागची गुंडाळलेली चपटी केबल, तुटलेली असण्याची शक्यता मोठी. हे काम वर्कशॉपचंच. तीच केबल एअरबॅगलाही जोडते, म्हणून हे दुखणं हॉर्नपुरतं समजून अंगावर काढू नये. इलेक्ट्रिक गाडीत हॉर्न १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालतो, पण नारिंगी (उच्च व्होल्टेजच्या) केबलच्या जवळपाससुद्धा पाना न्यायचा नाही.

बाकी गाड्यांत वायर सोडवण्याआधी बॅटरीची ऋण खुंटी काढा. कारच्या ग्रिलमागे हात घालताना रेडिएटरचा पंखा लक्षात ठेवा. इंजिन बंद असतानाही तो आपोआप फिरू शकतो. हातभर अंतरावर वाजणारा हॉर्न कानाला इजा करतो, तेव्हा चाचणीच्या वेळी कानात बोळे हवेत. आणि हॉर्न थांबतच नसेल तर कारचा हॉर्न रिले किंवा फ्यूज ओढा, दुचाकीची हॉर्नची वायर ओढा, मग शांतपणे कारण शोधा: रिलेचे पॉइंट चिकटलेले असतात, नाहीतर बटण अडकलेलं असतं.

तीन पर्याय शेजारी शेजारी

| | ट्यूनिंग | तसाच नवा डिस्क | विंडटोन जोडी + रिले |
|---|---|---|---|
| केव्हा | आवाज घोगरा किंवा बारीक, पण येतो | मुका, गंजलेला, आत पाणी | वायरिंग ठीक, हमरस्त्यावर रोजचा प्रवास |
| लागणारी हत्यारं | स्क्रूड्रायव्हर, १० अँपिअर मोजणारा मीटर | पाना | क्रिम्पर, वायर, फ्यूज होल्डर |
| वेळ | अर्धा तास | पंधरा मिनिटं | दोन-तीन तास |
| वायरिंगवर भार | वाढत नाही | वाढत नाही | दुपटीहून जास्त |
| नेहमीची चूक | स्क्रू जास्त आवळणं | पट्टी बदलणं | जुन्याच वायरवर जोडणं |

ट्यूनिंग

हॉर्नच्या आत विद्युतचुंबक, पॉइंट आणि पोलादी पडदा असतो. चुंबकाने पडदा ओढला की पॉइंट सुटतात, करंट तुटतो, पडदा परत येतो, पॉइंट पुन्हा भिडतात. वापराने पॉइंट झिजतात आणि ही वेळ चुकते. आवाज बसतो तो यामुळे. पाठीमागे किंवा कडेला लाखेने किंवा रंगाने बंद केलेला छोटा स्क्रू असतो तो याच पॉइंटचा. समोर मध्यभागी दिसणारा चकचकीत नट मात्र फिरवू नका, तो पडद्याचा आणि आवाजाच्या चकतीचा आहे. तो एकदा हलला की हॉर्न घरी जुळत नाही.

स्क्रूची मूळ जागा मार्करने खुणावून ठेवा. अष्टमांश फेरा फिरवा, एक सेकंद वाजवा, दहा सेकंद थांबा, पुन्हा. आवाज स्वच्छ होईल तिथे थांबायचं, मोठा होईल तिथे नाही. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून हॉर्नच्या वायरीत मध्येच (सिरीजमध्ये) जोडा: अंगावर छापलेल्या अँपिअरपेक्षा आकडा वर जाता कामा नये. स्क्रू फार आवळला तर पॉइंट सुटतच नाहीत, कॉइलमधून सलग करंट वाहतो आणि मिनिटभरात ती जळते. जुळलं की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, नाहीतर धक्क्यांनी तो पुन्हा सरकतो आणि तिथूनच पाणीही शिरतं.

हॉर्न हलवल्यावर आत पाणी डुचमळलं, रिवेटपाशी तपकिरी ओघळ दिसले किंवा पडद्याला गंजाचं भोक पडलं असेल तर ट्यूनिंगमध्ये वेळ घालवू नका. ठोकल्यावर वाजू लागणारा हॉर्नही त्याच गटातला. तो पहिल्या पावसात पुन्हा गप्प होईल. रिवेट तोडून, पॉइंट घासून परत बसवून देणारे कारागीर आहेत, पण मूळचं सील गेलेलं असतं. हल्लीच्या स्वस्त डिस्क हॉर्नसाठी हा खटाटोप परवडत नाही. ओहम मोजून हॉर्न पास-नापास ठरवू नका. स्थिर अवस्थेत पॉइंट मिटलेले असतात, म्हणून निकामी हॉर्नही मीटरवर बरा दिसू शकतो.

तसाच नवा डिस्क

बहुतेकांसाठी हाच योग्य पर्याय. व्होल्ट, अँपिअर, टोकांची संख्या आणि स्वर जुळवून घ्या. कारच्या जोडीत एक उंच आणि एक खालचा स्वर असतो. अंगावर ‘एच’ किंवा ‘एल’ छापलेलं असतं. एकच गेला असेल तर तोच बदला, पण दोन ‘एच’ एकत्र लावलेत तर आवाज कर्कश लागतो. रूट्स, मिंडा, बॉश यांचे हॉर्न सगळीकडे मिळतात, त्यामुळे विनाछापाचा घेण्याचं कारण नाही.

पातळ पोलादाची लवचीक पट्टी हॉर्नसोबत येते, ती तशीच वापरा. जाड अँगलवर आवळलेला किंवा बॉडीला टेकलेला हॉर्न गुदमरतो आणि नवा असूनही घोगरा वाजतो. एका टोकाच्या जागी दोन टोकांचा हॉर्न आणलात तर दुसऱ्या टोकाला वेगळी अर्थ वायर द्यावी लागते. ‘नवा लावला तरी वाजत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच निघतं.

विंडटोन आणि रिले

विंडटोनच्या आत गोगलगायीसारखी वळणदार नळी असते, त्यामुळे आवाज भरीव आणि गोल येतो, डिस्कसारखा टोचत नाही. आंबोली किंवा वरंधा घाटातल्या आंधळ्या वळणावर आणि हमरस्त्यावर ट्रकच्या केबिनपर्यंत पोचायला तो सरस. पण त्याला जागा जास्त लागते, आणि तोंड वर राहिलं तर पावसाळ्यात नळी पाण्याने भरते. तोंड नेहमी खाली, थोडं पुढे.

जोडी मिळून आठ-दहा अँपिअर सहज ओढते. दुचाकीचं बटण याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढ्या करंटसाठी केलेलं असतं. थेट जोडलं की पत्ती जळते. म्हणून रिले. चार पायांचा १२ व्होल्ट ३० अँपिअरचा रिले घ्या. ३० नंबरचा पाय बॅटरीच्या धन खुंटीला, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरातच. ८७ नंबर दोन्ही हॉर्नच्या धन टोकांना. हॉर्नची ऋण टोकं जाड वायरने चांगल्या अर्थला. हा सगळा रस्ता किमान १.५ चौरस मिलिमीटर वायरचा हवा, कारमध्ये लांब अंतर असेल तर २.५. उरलेले ८५ आणि ८६ यांना जुन्या हॉर्नच्या दोन वायरी जोडा. काही गाड्यांत बटण धन बाजूला असतं, काहींत अर्थ बाजूला. या जोडणीत त्याने फरक पडत नाही. जुन्या हॉर्नला एकच वायर असेल तर ती ८६ ला आणि ८५ बॉडीला. रिलेचे पाय खाली तोंड करून बसवा, पाणी साचत नाही.

वायरी पिळून टेप गुंडाळू नका. थिंबल (वायरच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) क्रिम्प करा, म्हणजे दाबून पक्का बसवा, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह घाला. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापायची नाही; कपलरला कपलर जुळणारा तयार संच मिळतो, थोडा महाग पडला तरी तोच घ्या. कारमध्ये कंपनीचा रिले आधीच असतो, तरी त्याचा फ्यूज आणि वायर मूळ हॉर्नच्या हिशोबाने असतात, म्हणून जोडीला स्वतंत्र रस्ता द्या.

१२५ सीसीपर्यंतच्या दुचाकीला दोन विंडटोन लावू नयेत, हे आमचं ठाम मत. तिच्या छोट्या बॅटरीला शहरातल्या रांगेत हा भार झेपत नाही. पुढे जागा असेल तर रिलेवर एक विंडटोन, नाहीतर चांगला डिस्क. एकाच डिस्कवर आलेल्या कारला मात्र जोडी खरंच उपयोगी पडते.

चौथा पर्याय म्हणून दाखवले जाणारे प्रेशर हॉर्न आणि एकामागून एक सूर काढणारे म्युझिकल हॉर्न यादीतूनच काढून टाका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९ वा नियम बदलत्या सुरांचे आणि अवाजवी कर्कश हॉर्न लावायला मनाई करतो. शांतता क्षेत्रात किंवा विनाकारण वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ खाली पहिल्यांदा १,००० आणि नंतर २,००० रुपये दंड आहे, आणि तो कायदेशीर हॉर्नलाही लागू होतो.

कोणताही पर्याय निवडलात तरी काम झाल्यावर हँडल किंवा स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून प्रत्येक टोकाला एकदा वाजवून बघा, मग हेडलाइट आणि इंडिकेटर चालू ठेवून वाजवा. दिवे ठळकपणे मंदावले तर बॅटरी किंवा अर्थ पुन्हा तपासा. गाडी धुताना प्रेशर पंपाची धार हॉर्नवर सरळ मारू नका.