ग्रेप, सॉर्ट, युनिक: वाचनालयाच्या दाखल नोंदवहीवर दोन महिने वापरून

आमच्या वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत साडेअठरा हजार नोंदी आहेत. दोघांनी दोन काळांत टंकलेल्या. एकाच लेखिकेची आद्याक्षरं कुठे टिंब देऊन, कुठे टिंबाशिवाय, कुठे मधे जागा सोडून. ते एकसारखं करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा भाचीनं जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी उबुंटू ही संगणकप्रणाली घालून दिली. म्हणाली, "मावशी, एक्सेलमध्ये डोळे शिणवू नकोस. टर्मिनल शिक." टर्मिनल म्हणजे आज्ञा टंकून संगणकाकडून काम करून घ्यायची खिडकी.

शिकले, आणि ग्रंथालयात काम करणाऱ्या प्रत्येकीनं शिकावं असं मनापासून वाटतं. पैसे पडत नाहीत. सुरुवात ग्रेप या आज्ञेनं करा: शब्द द्या, तो असलेल्या ओळी समोर येतात. केन थॉम्प्सन यांचं हे साधन १९७३पासून युनिक्समध्ये आहे, म्हणजे उबुंटू ज्या जुन्या प्रणालीच्या धर्तीवर चालतं तिच्यात.

खरी मजा पाइपची, त्या उभ्या रेघेची: एका आज्ञेचं उत्तर ती पुढच्या आज्ञेला देते. कटनं लेखकाचा रकाना काढायचा, क्रम लावणाऱ्या सॉर्टकडे द्यायचा, तिथून सारख्या ओळी एकत्र करणाऱ्या युनिककडे. युनिकला सी हा पर्याय दिला की प्रत्येक नाव किती वेळा आलं ते कळतं. मी आधी सॉर्ट वगळलं, तर एकच नाव पुन्हापुन्हा, दर वेळी समोर १. कारण युनिक फक्त लागून आलेल्या ओळी ताडून पाहतं. तालिकापत्रं आपण अशीच मोजायचो: आधी लावायची, मग गठ्ठे मोजायचे. प्रत्येक पायरीवर थांबून पडद्यावर काय आलं ते बघता येतं, मूळ फाइल तशीच राहते. एका संध्याकाळी २१२ नावांची दुबार रूपं सापडली.

मराठीसाठी एक गोष्ट आधीच सांगते. "कऱ्हाड" शोधलं तर निम्म्याच नोंदी आल्या. ऱ दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकाच संकेतानं, किंवा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असा जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, ग्रेपला मात्र वेगळे. सेड या शोधून बदलणाऱ्या आज्ञेच्या एका ओळीनं सगळे एका रूपात आणले, मग नोंदी पूर्ण मिळाल्या. स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेली फाइलही घेऊ नका. पुस्तकाच्या नावातच स्वल्पविराम असला की कट तिथेही तोडतं. मी टॅबनं वेगळे केलेले रकाने घेतले.

सॉर्टचं उत्तर चुकूनही त्याच फाइलच्या नावानं बाणानं (>) वळवू नका. सॉर्ट सुरू होण्याआधीच शेल, म्हणजे आपल्या आज्ञा वाचून चालवणारं साधन, ती फाइल रिकामी करतं. माझी गेली, पेन ड्राइव्हवर प्रत होती म्हणून निभावलं. जागच्या जागी लावायचं तर सॉर्टला ओ हा पर्याय आहे.

मॅन पानं, म्हणजे प्रत्येक आज्ञेची सोबत येणारी माहिती, नवख्या माणसासाठी फार कोरडी, उदाहरणं कमी. एक तारा त्याचा कापते. पाचपैकी चार. ज्यांच्याकडे शंभरच नोंदी आहेत त्यांनी एक्सेलच वापरावं. मी पुढच्या आठवड्यात ऑक ही रकान्यांवर हिशेब करणारी आज्ञा उघडते आहे, देणगीदारांच्या रकमांची वर्षवार बेरीज त्यात करायची आहे.