लॅन सारखं तुटतंय: केबल बदलावी, सेटिंग्ज बघाव्यात, अडॅप्टर घ्यावा की नवं कार्ड?

वायरचं इंटरनेट मध्येच जातं, थोड्या वेळाने आपोआप येतं आणि कोणाला दाखवायला जावं तर नेमकं तेव्हा ठणठणीत चालतं. उपाय सुचवणाऱ्यांची कमी नसते. कोणी केबल बदल म्हणतो, कोणी ड्रायव्हर (लॅनची चिप चालवणारं सॉफ्टवेअर). कोणी यूएसबीचा लॅन अडॅप्टर घ्यायला लावतो, तर कोणी डेस्कटॉपमध्ये नवं नेटवर्क कार्ड बसवायला. चारही सल्ले कुठे ना कुठे लागू पडलेले असतात, म्हणूनच निवडताना गोंधळ उडतो.

काहीही विकत घेण्याआधी तक्रार नेमकी कुठली आहे ते ठरवा. विंडोजमध्ये दोन कमांड प्रॉम्प्ट उघडा. पिंग ही कमांड समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर येतंय का ते बघते. एकात राउटरच्या पत्त्याला पिंग लावा (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), दुसऱ्यात ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गुगलचा सर्व्हर). विंडोजचं पिंग चारदा विचारून थांबतं, त्यामुळे 'टी' (-t) हा पर्याय जोडून ते चालू ठेवा. आता नेट जाण्याची वाट बघा. राउटर उत्तर देतोय पण बाहेरून काही येत नाही, तर तुमची केबल आणि कॉम्प्युटर दोन्ही निर्दोष. सेवा देणाऱ्याला फोन करा. दोन्ही पिंग बंद पडले आणि त्याच क्षणी घरातले वाय-फायवरचे मोबाइलही अडकले, तर राउटरवर संशय घ्या. दोन्ही पिंग बंद, मोबाइल मात्र व्यवस्थित, अशी स्थिती असेल तरच पुढचं वाचा.

आता पोर्टजवळचा दिवा बघा. नेट जाताना तो विझत असेल तर जोडणीच तुटतेय: केबल, पोर्ट किंवा चिप. दिवा जळतोय आणि तरी सगळं ठप्प, तर ड्रायव्हरकडे बोट जातं.

केबलवर माझा संशय नेहमी पहिला असतो, आणि त्याला कारण आहे. केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही लागतात. म्हणून एखादी तार कच्ची झाली की बऱ्याचदा नेट पूर्ण मरत नाही. ते १००० वरून १०० वर घसरतं, किंवा वर-खाली करत राहतं. नेटवर्कच्या स्टेटस खिडकीत स्पीडपुढे १०० दिसला आणि दोन्ही टोकांची यंत्रं गिगाबिटची असतील, तर निम्मं निदान झालंच. प्लगची मान हलकेच वाकवून बघा. दिवा लुकलुकला तर चोर सापडला. क्लिप तुटलेला प्लग तर बघायलाही थांबू नका, सरळ बदला.

नवी केबल घेताना मोठ्या आकड्यांना भुलू नका. 'कॅट'पुढचा आकडा म्हणजे केबलचा दर्जा. गिगाबिटसाठी कॅट ५ई १०० मीटरपर्यंत पुरते. घरात कॅट ८ म्हणजे निव्वळ हौस. बघायचं ते तांबं. 'सीसीए' लिहिलेल्या केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. अशी तार ठिसूळ असते आणि कॅटच्या मानकात बसत नाही. केबल भिंतीतून गेली असेल तर ओढून काढायची घाई नको. आधी एक सुटी केबल थेट राउटरपर्यंत टाकून बघा, राउटरचा पोर्टही बदलून बघा. सुट्या केबलवर सगळं टिकलं तर भिंतीतल्या वायरची दोन्ही टोकं नव्याने क्रिम्प करून (म्हणजे नवे प्लग दाबून बसवून) घ्या. बहुतेकदा दोष टोकालाच असतो.

सेटिंग्जचा उपाय फुकट आहे, त्यामुळे लोक त्यातच संध्याकाळ घालवतात. माझ्या मते दोनच गोष्टी कराव्यात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी लॅन बंद करण्याची परवानगी काढून घ्या आणि 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' ही वीजबचतीचीच दुसरी सेटिंग बंद करा. कॉम्प्युटर झोपेतून उठल्यावरच नेट जात असेल, किंवा तक्रार अपडेटनंतर सुरू झाली असेल, तर ड्रायव्हरही बदलून बघा. स्पीड हाताने १०० वर बांधणं मात्र उपाय म्हणून धरू नका. त्याने नेट स्थिर झालं तर केबलवरचा संशय पक्का होतो, एवढंच. शिवाय समोरचा पोर्ट ऑटोवर राहिला की तो हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने वाहतूक) धरून बसतो आणि नेट रखडतं. २.५ गिगाबिटच्या पोर्टचं थोडं निराळं आहे. इंटेलच्या आय२२५ चिपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हार्डवेअरचाच दोष होता. तिथे १ गिगाबिटवर बांधणं हा रास्त तोडगा ठरतो.

राहिले अडॅप्टर आणि कार्ड. लॅपटॉपवाल्यांना पर्याय नाही, अडॅप्टरच. पण डेस्कटॉपवाल्यांनीही कार्डाआधी कोणाचा तरी अडॅप्टर दोन दिवस मागून आणावा, कारण त्याच्यासोबत चिप, ड्रायव्हर आणि पोर्ट तिन्ही एकदम बदलतात. तरीही नेट तुटलं तर कॉम्प्युटरचा पोर्ट जवळपास सुटला. परत केबल आणि राउटरकडे वळा. अडॅप्टर यूएसबी ३ चा हवा आणि तशाच पोर्टात हवा. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच ४८० एमबीपीएस आहे. हबमध्ये खोचू नका, आणि यूएसबीची वीजबचत बंद करा, नाहीतर जुनंच दुखणं नव्या वाटेने येईल.

कायमच्या वापराला मी कार्डच निवडेन. ते स्क्रूने घट्ट बसतं, धक्क्याने निखळत नाही, आणि गिगाबिटला सर्वात लहान पीसीआयई स्लॉटही (मदरबोर्डवरची कार्ड बसवायची खाच) पुरतो. बसवल्यावर बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंग्जमधून) जुना पोर्ट बंद करा.

नेट वीज कडाडल्यापासून बिघडलं असेल तर मात्र हा क्रम सोडा. तेव्हा पोर्टच भाजलेला असण्याची शक्यता मोठी, आणि राउटरच्या बाजूचा पोर्टही त्यातून सुटला असेल असं धरू नका. नवं कार्ड त्याच पोर्टाला जोडण्याआधी दुसरा पोर्ट वापरून बघा.