डिअरबॉर्नमधले मोफत इंग्रजी वर्ग: कुणी कुठे नाव घालावं

डेट्रॉइटच्या आसपास, म्हणजे कँटन, नोवी, ट्रॉय या भागांत राहणाऱ्या मराठी माणसाला ऑफिसात, इस्पितळात, मुलांच्या शाळेत अरबी कुटुंबं रोज भेटतात. ओळख वाढली की एक प्रश्न हमखास येतो: बायकोसाठी किंवा आईसाठी इंग्रजीचा एखादा मोफत वर्ग माहीत आहे का? आपण नेटवर शोधून पहिला सापडेल तो पत्ता देतो. ती बाई चार आठवडे जाते आणि घरी बसते. वर्ग वाईट नसतो, फक्त तो तिच्यासाठी नसतो. म्हणून पत्ता देण्याआधी पर्याय एकमेकांशेजारी ठेवून पाहायला हवेत.

मिशिगन राज्यात डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्न शहराची वस्ती सुमारे १ लाख १० हजार. २०२० च्या जनगणनेत त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपलं मूळ मध्यपूर्वेत किंवा उत्तर आफ्रिकेत असल्याचं नोंदवलं. फोर्डच्या रूज कारखान्यालगतच्या साउथएंडमध्ये येमेनी, पूर्व भागात वॉरन अॅव्हेन्यूच्या आजूबाजूला लेबनीज, आणि १९९१ नंतर आलेले इराकी, २०११ नंतरचे सीरियन. जवळच्या हॅमट्रॅम्क शहरातही येमेनी वस्ती मोठी आहे. या सगळ्यांना आपण सरसकट ‘अरबी’ म्हणतो, पण बैरूतमध्ये कॉलेज केलेली मुलगी आणि येमेनमधल्या इब्बजवळच्या खेड्यातून आलेली पाच मुलांची आई यांना एकाच वर्गात बसवणं दोघींवर अन्याय आहे. (इराकमधून आलेल्या चाल्डियन ख्रिश्चन लोकांना तर अरब म्हटलेलं बहुधा आवडतही नाही, त्यांची घरची भाषा वेगळी.)

त्यामुळे पहिला प्रश्न इंग्रजीचा नाहीच. अरबी लिहिता-वाचता येतं का, हे आधी विचारायचं, आणि चारचौघांत नाही, हळूच. ज्यांना येतं त्यांचं काम दुसरी लिपी शिकण्याचं: उजवीकडून डावीकडे जाणारा हात उलट फिरवायचा, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची नवी भानगड समजून घ्यायची, आणि स्वर लिहायची सवय लावायची, कारण रोजच्या अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर लिहितच नाहीत. हे सहा महिन्यांत बसतं. ज्या बाईने आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही, तिचं काम वेगळं आहे. तिला आधी अक्षर म्हणजे काय, ओळ कुठे सुरू होते, इथपासून शिकायचं आहे. आपल्याकडच्या प्रौढ साक्षरता वर्गांत बसलेल्या आज्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे लगेच कळेल. अशा बाईला ‘नवशिक्यांच्या’ साध्या वर्गात घातलं, की शिक्षिका फळ्यावर लिहिते, बाकीचे उतरवून घेतात आणि ही नुसती बघत राहते. गळती इथेच सर्वांत जास्त होते, असं मला पाहून पाहून वाटतं.

आता पर्याय. खरी तुलना दोघांत आहे: शाळा-जिल्ह्याचा, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेचा, प्रौढ शिक्षण विभाग आणि अरबी समाजाची संस्था.

डिअरबॉर्न पब्लिक स्कूल्ससारख्या जिल्ह्यांचे प्रौढ शिक्षण वर्ग राज्याच्या आणि केंद्राच्या पैशावर चालतात. केंद्राचा पैसा २०१४ च्या मनुष्यबळ कायद्यातून येतो आणि त्याला हिशेब चिकटलेला असतो. प्रवेशाच्या वेळी चाचणी, बहुतेक ठिकाणी ‘कॅसास’ नावाची. तिच्या गुणांवरून सहा पातळ्यांपैकी एक पातळी ठरते. मग वर्गात ठरावीक तास भरले की पुन्हा चाचणी. विद्यार्थ्याची प्रगती आकड्यात दाखवावी लागते, म्हणून हजेरीवर कडक लक्ष. सारखी दांडी मारणाऱ्याचं नाव कापलं जातं. हे ऐकायला कोरडं वाटतं, पण ज्याला पुढे जायचं आहे त्याच्या हिताचं आहे. पातळी ठरलेली असते, शिक्षक पगारी असतो, अभ्यासक्रमाला पुढची पायरी असते, तिथून हायस्कूलच्या समकक्ष परीक्षेकडे जाता येतं. वर्गात बांगलादेशी, अल्बेनियन, मेक्सिकन शेजारी असले तर मधल्या सुट्टीतही इंग्रजीच बोलावं लागतं.

अडचण अशी की ही व्यवस्था घरच्या गोंधळाला फारशी जागा देत नाही. मूल आजारी पडलं, नवऱ्याची पाळी बदलली, गाडी मिळाली नाही, की हजेरी गेली. शिवाय पैसा वॉशिंग्टनहून येतो. २०२५ च्या जुलैत केंद्राने देशभरातल्या प्रौढ शिक्षणाचा निधी काही आठवडे रोखून धरला होता. म्हणून नाव घालताना पुढच्या सत्राचे वर्ग नक्की आहेत का, हे विचारायला लाजू नये.

दुसऱ्या बाजूला ‘अॅक्सेस’. १९७१ मध्ये साउथएंडमध्ये सुरू झालेली ही संस्था आज देशातल्या सर्वांत मोठ्या अरब-अमेरिकन समाजसंस्थांपैकी एक आहे. अरब अमेरिकन नॅशनल म्युझियम हेही तिचंच. इथे इंग्रजी शिकायला आलेल्या बाईला दारातच अरबीत उत्तर मिळतं. हा फायदा छोटा नाही. फॉर्म भरताना कुणाचं तोंड बघावं लागत नाही, नोकरीची मदत, आरोग्य तपासणी, इमिग्रेशनची कागदपत्रं ही कामं एकाच संस्थेत होतात. आणि अरबी बोलणाऱ्यांना वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांना त्यांच्या नेमक्या चुका माहीत असतात. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘पार्किंग’चं ‘बार्किंग’ होतं. वर्तमानकाळात ‘आहे’ लागत नाही, म्हणून ‘ही डॉक्टर’ इतकंच वाक्य बनतं. अनोळखी शिक्षक अशा वाक्याला निष्काळजीपणा समजतो. ज्याला कारण ठाऊक आहे तो दोन मिनिटांत दुरुस्त करतो.

तोटाही याच सोयीतून येतो. सगळा वर्ग अरबी बोलणारा असला की अडलं तिथे अरबी सुरू होते. सहा महिन्यांनी ओळखी खूप झालेल्या असतात, इंग्रजी मात्र तेवढंच. साक्षरतेच्या पातळीवर मला हे चालेल. तिथे धीर महत्त्वाचा. पण दोन वर्षं तिथेच काढणाऱ्या सुशिक्षित माणसाला मी आग्रहाने शाळा-जिल्ह्याच्या वर्गात पाठवेन.

तर माझा कौल असा. अरबी न वाचता येणारी, घराबाहेर एकटी फारशी न गेलेली आई: समाजसंस्थेचा वर्ग, सकाळचा, मुलं शाळेत असतानाचा. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: अगदी अक्षरओळखीपासूनचा वर्ग वेगळा आहे का, लहान मुलांना सांभाळायची सोय आहे का, वर्ग फक्त बायकांचा आहे की मिश्र. तिसरा प्रश्न आपल्याला खटकेल, पण काही घरांत परवानगी त्यावरच ठरते, आणि बाई वर्गात पोहोचणं मला तत्त्वापेक्षा मोठं वाटतं. रमजानच्या महिन्यात संध्याकाळचे वर्ग रोडावतात, तेव्हा तो महिना कुठे येतो तेही पाहून घ्यावं.

बगदाद किंवा दमास्कसमध्ये इंजिनिअर, शिक्षक, फार्मासिस्ट असलेला माणूस: शाळा-जिल्ह्याचा वर्ग, आणि चाचणीत जाणूनबुजून खालची पातळी घ्यायची नाही. बरेच जण भीतीपोटी घेतात आणि कंटाळून सोडतात. वरच्या पातळीला पोहोचल्यावर हेन्री फोर्ड कॉलेज जवळच आहे. तिथलं इंग्रजी कॉलेजच्या अभ्यासासाठी चांगलं, पण फी लागते.

पाळीत काम करणाऱ्या माणसाला ठरलेल्या वेळेचा वर्ग जमत नाही. त्याच्यासाठी एकास एक शिकवणी उत्तम. ओकलंड काउंटीत ‘ओकलंड लिटरसी काउन्सिल’ स्वयंसेवक शिक्षक जोडून देते, तेही मोफत. नोवी, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स याच काउंटीत आहेत, आणि तिथल्या आपल्या लोकांपैकी ज्यांच्याकडे आठवड्याचे दोन तास आहेत त्यांनी स्वयंसेवक व्हावं अशी माझी मनापासून विनंती आहे. आपण स्वतः इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकलो. कुठे अडतं हे आपल्याला आतून माहीत आहे.

घरबसल्या शिकायचं तर ‘यूएसए लर्न्स’ ही साइट मोफत आहे, सॅक्रामेंटो काउंटीच्या शिक्षण कार्यालयाची. वर्गाच्या जोडीला चांगली; एकट्यावर मी भरवसा ठेवणार नाही, कारण चूक दाखवायला समोर कुणी नसतं.

नागरिकत्वासाठी इंग्रजी हवं असेल तर गणित बदलतं. तिथे फार थोडं लागतं: तीनपैकी एक वाक्य वाचणं, तीनपैकी एक लिहिणं, मुलाखतीत आपल्याच अर्जाबद्दल बोलणं, आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांच्या यादीतले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. त्यासाठी सिटिझनशिपचा वेगळा वर्ग घ्यावा. सामान्य इंग्रजी वर्गात हे होत नाही. वय ५० आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झाली असतील, तर इंग्रजीची अटच नाही. नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाष्या घेऊन अरबीतून देता येते. ही सवलत माहीत नसल्याने कित्येक वयस्क माणसं अर्ज करायलाच घाबरतात. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर वर्ग शोधण्याआधी त्यांना हे सांगा.

वाहन परवान्यासाठीही इंग्रजी येईपर्यंत थांबायची गरज नाही. मिशिगनमध्ये लेखी परीक्षा अरबीत देता येते. मिशिगनच्या थंडीत बसथांब्यावर उभं राहण्यापेक्षा आधी परवाना काढलेल्या बाईचं वर्गात टिकणं सोपं होतं.

ग्रीन कार्डवर इथे आलेल्या आपल्या आईबाबांनाही हेच वर्ग खुले आहेत, वस्ती कुठल्या शाळा-जिल्ह्यात आहे ते पाहून. फक्त एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना सरकारी पैशाच्या प्रौढ शिक्षण वर्गात कायद्याने बसता येत नाही, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनी वाचनालयातल्या गप्पांच्या गटांवर भागवावं. त्या गटांत नाव नोंदवण्यापलीकडे फारसे सोपस्कार नसतात, आणि शेजारच्या खुर्चीत कुणी लेबनीज आजी असली तर दोघींनाही इंग्रजीशिवाय गत्यंतर नसतं.