'सीलपॅक' पीसीबी आणि एक्स्चेंजमध्ये गेलेला माझा बोर्ड

वॉशिंग मशीन घरच्या घरी उघडून दुरुस्त करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, त्यातही ज्यांचा पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, उडाला आहे त्यांच्यासाठी. मेकॅनिक चुना लावतात म्हणून आपण स्वतः स्क्रूड्रायव्हर हातात घेतो. पण मेकॅनिक टळला म्हणजे फसवणूक टळली असं नाही, कारण तिचं दुसरं दुकान पार्टवाल्याच्या काउंटरवर असतं. नागपुरात मला गाठलं ते तिथेच.

आमची मशीन टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक, सात किलोची, 2018 सालची. वॉरंटी कधीच संपलेली. मे महिन्यात नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या लेआउटवर अवकाळी वादळ झालं, रात्रभर लाइन येत-जात राहिली आणि सकाळी मशीन ठार बंद. दिवा नाही, बीप नाही. मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये काम करते, त्यामुळे मल्टिमीटर घरातच असतो. सॉकेटवर 230 व्होल्ट व्यवस्थित, वायर ठीक, फ्यूज ठीक, बोर्डाच्या तोंडापर्यंत सप्लाय पोचत होता. पुढे मात्र बोर्डावरच्या चिपला लागणारे 5 व्होल्ट तयारच होत नव्हते. म्हणजे बोर्डावरचा पॉवर सप्लायचा भाग गेलेला. निदानाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

आता बोर्ड दुरुस्त का केला नाही, असं विचाराल. आपल्याकडच्या बहुतेक टॉप लोड मशीनचा पीसीबी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसवून त्यावर रेझिन ओतलेलं असतं, ओल आणि साबणाचं पाणी लागू नये म्हणून. ते जेलीसारखं रेझिन कोरून काढायचं, खालचा पार्ट बदलायचा, पुन्हा भरायचं, हे किचकट काम आहे. करणारे करतात. किती जण करतात आणि कशासाठी करतात, ते पुढे कळलं.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी 6,200 सांगितले, वर थांबायची तयारी ठेवा म्हणाले. बर्डीच्या (सीताबर्डी, नागपूरची मुख्य बाजारपेठ) मागच्या गल्लीत एका पार्टच्या दुकानात तोच बोर्ड 3,900 ला होता. काउंटरवर पंप, बेल्ट, कपॅसिटर, व्हॉल्व्ह सगळं टांगलेलं. मेकॅनिक लोक येऊन उधारीवर माल नेत होते. दुकान बंद करून पळून जाणाऱ्यातलं ते नव्हतं, आणि अजूनही ते तिथेच आहे.

मी बोर्डावरचा पार्ट नंबर लिहून नेला होता. एकाच वजनाच्या, दिसायला सारख्या दोन मशीनचे बोर्ड वेगळे असू शकतात, कारण आतला प्रोग्राम मॉडेलप्रमाणे बदलतो. दुकानदार म्हणाला, "नंबर कशाला पाहून राहिल्या ताई, सगळ्या सात किलोला हाच लागते." मी नंबर जुळवूनच घेतला. खोक्यातला बोर्ड पारदर्शक पिशवीत बंद, वर चकचकीत बारकोडचा स्टिकर, नंबर अगदी बरोबर.

"ओरिजनल आहे ना भाऊ?"

"सीलपॅक आहे ना बाप्पा! कंपनीचा माल आहे. जुना बोर्ड आणला असन तर द्या, 400 कमी करतो."

इन्व्हर्टरची बॅटरी घेताना जुनी देऊन पैसे कमी करून घ्यायची आपल्याला सवय असते, तशीच ही मागणी वाटते. त्याने माझा बोर्ड घेतला, मार्करने ट्रेच्या कडेला "बेसा – डेड" असं लिहिलं आणि मागच्या खोलीत दिला. 3,500 रुपये यूपीआयने. बिल मागितलं तर छापील वहीतून 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी फाडून दिली: इलेक्ट्रिक सामान, 3,500. दुकानाचं नाव नाही, सही नाही. पक्कं बिल हवं असेल तर 18 टक्के वर द्यावे लागतील, असं म्हणाला. ही धमकी नागपुरातच काय, कुठल्याही बाजारात चालते, आणि बिल देण्याचं टाळायलाच ती असते.

बोर्ड बसवला आणि मशीन झकास चालू झाली. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, की जुनं म्हणून विकलं असतं तर तो बोर्ड त्या किमतीला वाईट नव्हता.

महिना भरायच्या आत एका सकाळी मशीन पाणी घ्यायची थांबेचना. टब काठाशी आला तरी धार सुरूच. स्टार्ट-पॉजचं बटण दाबलं, उपयोग शून्य. प्लग काढला तर पाणी बंद. पुन्हा प्लग लावून नुसती ऑन केली, स्टार्ट दाबायच्या आधीच पाणी सुरू. ही खूण लक्षात ठेवा. प्लग काढल्यावरही पाणी येत राहिलं असतं तर पाणी आत सोडणारा इनलेट व्हॉल्व्ह आत कचरा अडकून उघडा राहिलाय असं म्हटलं असतं. इथे वीज गेली की व्हॉल्व्ह इमानदारीत बंद होत होता. म्हणजे त्याला विनाकारण वीज देणारा बोर्ड होता: व्हॉल्व्ह चालवणारा ट्रायॅक, म्हणजे बोर्डावरचा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झालेला. खात्रीसाठी व्हॉल्व्हची कॉइल मोजली, चार किलोओहमच्या आसपास, अगदी निरोगी.

प्लग काढून, बोर्डावरच्या कपॅसिटरमधला चार्ज उतरायला वेळ देऊन मी तो बाहेर काढला आणि या वेळी खिडकीपाशी उजेडात धरला.

रेझिन दोन प्रकारचं होतं. बहुतेक भागात मऊ, किंचित दुधाळ, काळानुसार पिवळट पडलेलं. एका कोपऱ्यात मात्र स्वच्छ, कडक आणि उंचवट्याचं. ग्लू गनचा गोंद असतो ना, तेच. नेमक्या त्याच कोपऱ्यात ट्रायॅक होते. गोंद खरवडला तर खाली नवं चमकदार सोल्डर आणि आजूबाजूचं सगळं काळवंडलेलं. कनेक्टरच्या पिनांवर आधी कधीतरी प्लग घालून काढल्याचे ओरखडे. स्क्रूच्या भोकांभोवती प्लास्टिक दबलेलं, म्हणजे तिथे पूर्वी स्क्रू पिळलेले. मग मुख्य चिपवरचा कोड बघितला. अशा चिपवर बऱ्याचदा चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. इथे 1614 होतं, म्हणजे 2016 चा चौदावा आठवडा. 'नव्या' बोर्डाची चिप माझ्या मशीनपेक्षाही म्हातारी. नुसत्या या आकड्यावर कुणाला चोर ठरवू नका, कारण चिपा गोदामात पडून राहतात आणि नंतर वापरल्या जातात. पण दोन रंगांच्या रेझिनसोबत तो आकडा वाचला की चित्र पुरं होतं.

आणि मग मी तो चकचकीत स्टिकर सोलला. खाली ट्रेवर मार्करने लिहिलेलं होतं: "मानेवाडा – स्पिन नाही". मानेवाडा हा नागपुरातलाच एक भाग. थिनरने पुसायचा प्रयत्न केलेला, तरी वाचता येत होतं. अक्षर तेच. 'बेसा – डेड' लिहिताना समोर उभी राहून पाहिलेलं, 'ड'ला मागे ओढलेली शेपटी आणि सगळं.

तेव्हा धंदा काय आहे ते उलगडलं. दुकानदार बोर्ड विकत नाही, तो बोर्ड फिरवतो. मानेवाड्यातल्या कुणीतरी आपला बिघडलेला बोर्ड 400 रुपयांच्या लोभाने दिला, तो कोरून-चिकटवून माझ्याकडे नवीन म्हणून आला, आणि माझा आता तिसऱ्याच्या मशीनकडे निघालेला. एक्स्चेंजचे 400 ही सवलत नसून कच्च्या मालाची खरेदी आहे. शिवाय जुना बोर्ड गेला की आपल्याकडे तुलनेला काही उरत नाही. उद्या भांडण झालं तर दुकानदार बिनधास्त म्हणू शकतो की हा बोर्ड माझा नव्हेच, हा तर यांच्या मशीनचाच जुना आहे.

तेच झालंही. दुकानात गेले तेव्हा आधी "तुम्ही कनेक्शन उलटं लावलं असन" हे आलं. कनेक्टरला खाचा असतात, ते उलटे बसतच नाहीत, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट: इलेक्ट्रिक मालावर गॅरंटी नाही, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी सोललेल्या स्टिकरखालचा मजकूर दाखवला.

"ते कंपनीतूनच लिहून येते ताई."

"कंपनीत मानेवाडा लिहितात?"

शेजारी उभा असलेला एक मेकॅनिक फसकन हसला. दुकानदार हसला नाही.

पाटीविषयी एक सांगते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथांची यादी आहे. बिल न देणं त्यात आहे, आणि सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हेही आहे. त्यासाठी बिलावर मुदत लिहिली असेल ती, नसेल तर तीस दिवस. भिंतीवर काहीही रंगवलं तरी कायदा बदलत नाही. त्यामुळे बिघाड दिसला की तारीख बघा आणि तीस दिवसांच्या आत लेखी कळवा, नुसतं तोंडी भांडून येऊ नका.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मोठ्या कंपन्यांच्या तक्रारी तिथून थेट त्यांच्याकडे जातात आणि बऱ्याचदा सुटतात. गल्लीतल्या दुकानासाठी मात्र जिल्हा ग्राहक आयोगच खरा मार्ग असतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. अडचण निराळीच होती: चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, यूपीआयचे पैसे भलत्याच एका व्यक्तीच्या खात्यात गेलेले. दुकानाच्या कार्डावर जीएसटी क्रमांक छापला होता, तो मोजला तर चौदाच अक्षरं. खरा क्रमांक पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. काउंटरवर उभ्या उभ्या हे काम होतं, पैसे देण्याआधी.

नशिबाने व्हॉट्सॲपवर मी बोर्डाची किंमत विचारली होती आणि त्याने "न्यू ओरिजनल, 3900" असं उत्तर पाठवलं होतं. तो मजकूर, यूपीआयची पावती, रेझिनचे आणि स्टिकरखालच्या अक्षरांचे फोटो, पाटीसकट दुकानाचा फोटो, हे सगळं लावून स्पीड पोस्टने नोटीस पाठवली: पैसे द्या, नाहीतर आयोगात भेटू. नोटीस पोचल्यावर त्याचा फोन आला. आधी "दुसरा बोर्ड नेऊन जा" म्हणाला. दुसरा म्हणजे कुणाचा, पारडीचा? मी नको म्हटलं. शेवटी 2,500 परत आले. हजारासाठी आयोगात जायचं की नाही यावर घरी चर्चा झाली. सासऱ्यांचं मत जावंच असं होतं, मी थांबले. फोनवर मी माझा जुना बोर्ड परत मागितला होता.

"तो तर केव्हाचाच गेला ना ताई."

नंतरचा बोर्ड मी कंपनीच्या अधिकृत स्पेअर काउंटरवरून घेतला, पक्क्या बिलावर, तीन महिन्यांच्या वॉरंटीने. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा तपशील छापलेला होता. पाकीटबंद मालावर हे छापणं 2011 च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. बर्डीतल्या त्या 'सीलपॅक' पिशवीवर यातलं एकही अक्षर नव्हतं, फक्त बारकोड.

पीसीबीच कशाला, बाकी पार्टनाही तोच उजेड दाखवा. कपॅसिटर घेताना दुकानातच मीटर लावा. मी नंतर एका ठिकाणी 10 मायक्रोफॅरड छापलेला सहावर मोजला आणि काउंटरवरच परत ठेवला. व्हॉल्व्ह आणि पंपाची कॉइलही तिथेच मोजता येते. दुकानदार मीटर बघून कुरकुरला तर तेवढ्यावरच दुसरं दुकान धरावं. पीसीबीचं रेझिन मात्र मीटरने कळत नाही. पिशवी फोडून, ट्रे तिरपा धरून, रंग एकसारखा आहे का ते बघावं लागतं. "पिशवी फोडली की माल तुमचा" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं. रिपेअर केलेला बोर्ड घ्यायला हरकत नाही, अनेकांचं बजेट तेवढंच असतं. पण तसं बिलावर लिहून घ्या आणि दर त्या मानाने पाडून घ्या.

फसवणुकीचा तो बोर्ड माझ्याकडेच राहिला होता. ओळखीच्या एका मेकॅनिकने 300 देऊ केले होते. मी कटर घेऊन त्याची मुख्य चिप मधोमध कापली आणि मग ई-कचऱ्याच्या पिशवीत टाकला.

आणि यंदाच्या जून-जुलैत बर्डीतून कुणी सात किलोच्या टॉप लोडचा 'नवीन' पीसीबी घेतला असेल, तर त्यावरचा स्टिकर सोलून बघा. खाली "बेसा – डेड" सापडलं तर तो आमचा. त्याचे ट्रायॅक कंपनीचेच आहेत, त्यांना मी कधी हात लावला नाही; गेला होता तो 5 व्होल्टचा भाग. दगा दिला तर आधी तिथेच मोजा, आणि तीस दिवस संपायच्या आत दुकानात जा.