नर्सिंगची मुलाखत आणि तोतरेपणा: आधीच सांगावं की सांभाळून न्यावं?

गोव्यात बांबोळीच्या जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळात करारावरच्या जागा निघाल्या की बहुतेकदा वॉक-इन मुलाखत असते. शिक्षण, नोंदणी, अनुभव हे सगळं फायलीत दिसतंच. बोलताना अडकणाऱ्यापुढचा प्रश्न वेगळा असतो: पॅनलला आधीच सांगून टाकायचं, की काही न सांगता वेळ निभावून न्यायची? दोन्ही करून पाहिलं की मन एका बाजूला झुकतंच. दुसरी बाजू अगदीच टाकाऊ आहे असं मात्र म्हणवत नाही.

न सांगणं म्हणजे सगळी भिस्त तंत्रावर. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी किंचित श्वास सोडून आवाज हलकेच उचलायचा, प-ब-म ला ओठ घट्ट न मिटता नुसते टेकवायचे, वाक्याचे तुकडे पाडून मध्ये बिनधास्त थांबायचं. अडकणं सौम्य असेल आणि प्रश्न मोजकेच असतील तर एवढ्यावर निभतं. भाषेचं तेवढं बघावं. सरकारी भरतीत कोकणी लागते, त्यामुळे एखादा प्रश्न कोकणीत येणारच. पुढचा इंग्रजीत, मधलाच एखादा मराठीत. काहींची जीभ नेमकी घरच्या भाषेत अडते आणि इंग्रजी सुरळीत निघते, काहींचं उलट. आपलं कसं, ते घरून निघण्याआधी ठाऊक हवं.

एका गोष्टीपाशी मात्र हा मार्ग गळपटतो, आणि माझ्या लेखी निकाल तिथेच लागतो. लपवणारा माणूस अडणारा शब्द टाळून दुसरा घेतो. एरवीच्या गप्पांत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. नर्सिंगच्या मुलाखतीत येतं. विचारलं जातं, ‘सेप्टिक शॉकचा पेशंट, फ्लुइड देऊनही बीपी उचलत नाही, डॉक्टर काय सुरू करायला सांगतील?’ उत्तर डोक्यात तयार असतं, नॉरॲड्रेनालिन. पण ‘नॉ’वर जीभ अडणार हे जाणवतं आणि तोंडून निघतं, ‘ते... बीपी वाढवायचं इन्फ्युजन.’ समोरच्या मेट्रनबाई कागदावर काय लिहितील? हिला औषधाचं नाव येत नाही. पुढचा प्रश्न बाळबोध येतो, किंवा येतच नाही. फ्युरोसेमाइड अडलं तर लॅसिक्स हे त्याचं ब्रँडचं नाव घेऊन सुटता येतं. हेपॅरिनला, मेटोप्रोलॉलला असं दुसरं नाव आयत्या वेळी कुठून आणणार? आणि अडकत अडकत पूर्ण म्हटलेलं ‘नॉरॲड्रेनालिन’ हे बरोबर उत्तरच असतं.

आधी सांगितलं की या पळवाटेची गरजच उरत नाही. एक वाक्य पुरतं, नमस्कार करून बसल्याबरोबर: ‘मी बोलताना मध्येमध्ये अडकते, शब्द पूर्ण व्हायला थोडा वेळ लागेल.’ कोकणीत, ‘हांव उलयतना मदीं मदीं अडकतां, मात्शें रावात.’ सॉरी नको, लहानपणापासूनचा इतिहास नको. तीन वेळा अडकल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते. शब्द अडलेला असताना नजर खाली गेली की पॅनलमधलं कुणीतरी तो पुरा करतं, म्हणून नजर समोरच ठेवावी. त्यांनी पुरा केलेला शब्द चुकीचा असेल तर मान डोलावू नये. ‘नाही’ म्हणून आपला शब्द म्हणावा. औषधाच्या बाबतीत तर हे हवंच.

सांगण्याचा तोटाही आहे. ‘मग इमर्जन्सीत काय कराल?’ हा प्रश्न आपण होऊन ओढवून घेतला जातो. ‘इमर्जन्सीत मी अडकत नाही’ असं ठोकून देऊ नये, त्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. कामाची पद्धत सांगावी: आधी बेल, मग ठरलेले दोन-तीन शब्द, हात कॉम्प्रेशनवर (छाती दाबण्यावर), डॉक्टरांना फोन करण्याआधी एसबीएआरचे चार मुद्दे (आत्ताची स्थिती, पार्श्वभूमी, आपलं निदान, काय हवं) कागदावर, तोंडी ऑर्डर लिहून घेऊन परत वाचून दाखवणं. हे चांगल्या वॉर्डात सगळेच करतात, त्यामुळे पॅनलला वावगं वाटत नाही. तरीही एखादा सदस्य मनात अढी धरू शकतो, ते नाकारण्यात अर्थ नाही.

अर्जात दिव्यांग म्हणून नोंद करून राखीव जागा मिळेल या आशेवर मात्र राहू नये. 2016 च्या कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्व आहे, पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढणं किंवा अफेझिया (मेंदूला इजा होऊन भाषा बिघडणं) यांसारख्या शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांवर बेतलेली आहे. लहानपणापासूनचा तोतरेपणा त्यात सहसा बसत नाही.

मार्ग कुठलाही घ्या, सराव आरशासमोर करू नका. एकट्याने बोलताना बहुतेकांचं अडकणं कमी होतं, आणि तयारी झाली असा भास होतो. अनोळखी वाटतील अशी दोन माणसं टेबलापलीकडे बसवा, आपल्याला हमखास अडणारी औषधांची नावं काढून त्यांच्यावरच प्रश्न विचारायला सांगा, आणि सुरुवातीचं ते एक वाक्य त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणा.